बादलीत पडलेल्या गांजाचं वजन

६ जाने.
कोर्टाचं समन्स आलं, नेमकं आईच्या हातात. "काय करून ठेवलंस रे?" काही नाही गं, पंच होतो.
दीड वर्ष झालं. लोअर परळला अंडाभुर्जीच्या गाडीवर धाड पडली, मी बाजूला उगाच उभा. हवालदार म्हणाला, "भाऊ, दोन मिनिटं, एक सही करून जा." गाडीवाला वसंत, त्याच्या कापडी पिशवीत गांजा. झटापटीत पिशवी ताटल्या विसळायच्या बादलीत पडली. तशीच काढून फरसाणवाल्याच्या काट्यावर ठेवली. एक किलो ऐंशी ग्रॅम. पंचनामा न वाचताच सही ठोकली. हिंदमाताला जायचं होतं. कशाला, आता आठवत नाही.

९ जाने.
परळला एका हॉलमध्ये चर्चा. 'गांजाला परवानगी द्यावी का?' चहा फुकट म्हणून शिरलो. डॉक्टर म्हणाले, माझ्याकडे आणतात ती पोरं बघा, मग बोला. वकीलबाई म्हणाल्या, तुरुंगात कोण सडतंय तेही बघा. मला दोघांचंही पटलं. म्हणजे काय समजायचं? आणि कायद्यात नुसतं पान म्हणजे गांजा नाही, फुलोरा म्हणजे गांजा. झाड एकच!
नंतर बाईंना गाठलं. ओलं असताना वजन केलं तर? "कोणाचं?" असंच. त्या म्हणाल्या, किलोच्या आत असेल तर जास्तीत जास्त एक वर्ष. वर गेलं की दहापर्यंत.
वसंत अजून आत आहे का?

१० जाने.
दादरच्या फुलबाजारातून सुकलेला झेंडू आणला. कापडी पिशवीत भरून शेवंतामावशीच्या भाजीच्या काट्यावर: कोरडा ४००. बुडवून निथळला, ६२०. न निथळता ८९०. मावशी, "आता झेंडूची भाजी करतोस काय मेल्या?"
पोलिसांनी पिशवी किती वेळ वर धरली होती? डोळे मिटून बघितलं. टपकत होती, एवढंच दिसतं.

१२ जाने.
आईला सगळं सांगितलं. मामा गांजापायीच वाया गेला, त्यामुळे भडकली. "सुटू दे बिचारा, असं मी म्हणणार नाही." मग भांडी घासता घासता, "पण ओलं होतं ना? मग ओलं सांग."

१५ जाने.
गाडीवर गेलो. आता वसंतची बायको चालवते. कोणीतरी तिला विचारलं, जामिनाचं काय? "नाहीच झाला." मग माझ्याकडे वळून, "कांदा जास्त घालू का दादा?" हो म्हटलं. बोलायला गेलेलो, चार पाव खाऊन आलो.

२० जाने. कोर्टाचं कँटीन
सकाळी हवालदाराने पंचनामा दाखवला, त्यात बादली नाहीच. म्हणाला, "लिहिलंय तेवढंच बोल. फाटे फोडू नको." वसंतला आणलं, पार वाळलाय. माझ्याकडे बघितलं, ओळखलं नाही.
सरकारी वकील: "वजन तुमच्यासमोर झालं?" हो. "सही तुमची?" हो. पण साहेब ते– "विचारलं तेवढंच सांगा."
जेवणाची सुट्टी. अडीचला वसंतच्या वकिलाची पाळी. तरुण आहे, सकाळपासून कागदच शोधतोय. त्याने बादलीचं विचारलंच नाही तर? न विचारता बोलता येतं का? शेजारच्या टेबलावरच्या काळ्या कोटाला विचारलं. तो हसला, "तू कोणाचा साक्षीदार?"
वसंतचा वकील पलीकडे एकटाच डोसा खातोय. दारात हवालदार. सव्वादोन. उठतोय, डोशाच्या टेबलाकडे.