राहीचं लुगडं नुसतं विटलेलं

उंब्रज, ४ फेब्रुवारी १९४५
मी सांगतेय, नात मनू शाळेच्या वहीत लिहितेय. वाचणारं कुणी नाही. मला तर येतच नाही.
लेकानं, जोतीरामनं, कंट्रोलचं, कार्डावर मिळतं ते, लुगडं आणलं. घरात मी आणि सून राहीबाई, लुगडं एक. पेटीतलं सणाचं सोडलं तर रोजचं दोघींनाही एकेकच. म्हणतो, जिचं जास्त जुनं तिला. जुनं! गडीमाणसांना एवढा एकच शब्द ठाऊक. विटलं म्हणजे रंग गेला. विरलं म्हणजे सूत गेलं, पलीकडचं दिसतं. फाटलं म्हणजे सगळंच गेलं. न्याय मीच करणार.

५ फेब्रुवारी
न्याय झाला. राहीचं नुसतं विटलेलं. ठिगळं पाच, पण ठिगळानं मजबुतीच येते. माझं पार विरलेलं. जोतीरामनं उजेडात धरून बघितलं, म्हणाला पलीकडचं काही दिसत नाही. नजर अधू त्याची. राहीचं बाळंतपण होऊ दे मग ठरवू, म्हणतो.

९ फेब्रुवारी, सकाळ
माझं लुगडं दगडावर जरा जादा आपटलं. स्वच्छतेसाठी. विरेना. मिलचं कापड असलंच हट्टी.

१५ फेब्रुवारी
सोडा घालून चारदा उकळलं. सायीसारखं मऊ पडलंय. विरायला आलंच. नवं नेसून बारशात मिरवायचं, पक्कं.

२० फेब्रुवारी, दुपार
नातू झाला. सुईण दगडाबाईनं बाळाला गुंडाळायला मऊ जुनेर मागितलं. राहीचं हातात घेतलं तर ठिगळासकट बोटं आरपार. मग दांडीवरचं माझं चाचपलं. ‘आवं, असं मऊ आन् घट कापड गावात न्हाई. आनखी दोन वर्सं गेलं असतं,’ म्हणाली, आणि माझ्यादेखत टराटरा फाडलं. पेटीतलं नेसले होते म्हणून बरं.
जोतीरामनं न विचारता नवं लुगडं राहीच्या उशाशी ठेवलं. मी तेच सांगणार होते.

२१ फेब्रुवारी
मी रोज नेसायचं काय, असं सहज विचारलं. राही बाळाकडे बघत म्हणाली, ‘आत्याबाई, माजं हाय की. नुस्तं इटल्यालं.’

३ मार्च
बारसं. पेटीतलं नेसा, म्हणाली राही. म्हटलं, विटलेल्याला काय धाड भरलीय? तेच नेसले. बाळाला आत्या नाही, म्हणून पाळण्यापाशी नाव सांगायला मीच वाकले, तर मागून टर्रकन आवाज. सगळ्या बाया नाव ऐकायचं सोडून माझ्याकडेच बघतात.
मनू विचारते, आजी, आता काय लिहू?
विटलं, असंच लिही.