दोन मावळतींमधली प्रार्थना

२ ऑक्टोबर
लालोतुईला पोचले एकदाची! राजधानी आपियाहून बोट, मग तीन तास बस, मांडीवर औषधांची पेटी आणि वर शेजारणीची कोंबडी. दवाखाना एका खोलीचा, पण दारात समुद्र. राहायला गावप्रमुख लेफाओंकडे. त्यांची सून सेफिना पहिलटकरीण, आठवा महिना, जिभेला धार. म्हणाली, सिस्टर, दुसरा सूर्य आल्यापासून सासऱ्यांच्या सावल्या दोन पडतात, म्हणून हुकूमही दुप्पट सुटतात. नारळाच्या दुधातली अळकुडी पोटभर खाल्ली.

संध्याकाळची 'सा' आपियात वीस मिनिटांची. शंख वाजला की घरात प्रार्थनेला बसायचं, रस्त्यात असाल तर रस्त्यातच. पुन्हा वाजला की मोकळं. इथल्या पंचांनी नवीन ठरवलंय. पहिला सूर्य मावळला की सा लागते, दुसरा मावळला की सुटते. आज तासभर बसलो. पाय आखडले, पण गातात छान.

७ ऑक्टोबर
दुसरा सूर्य रोज तासभर उशिरा मावळतो. आज सहा तास बसून होतो. म्हातारी माणसं बसल्या जागी ओली होतात. लेफाओंना स्पष्ट सांगितलं, अति तिथे माती. ते रागावले नाहीत. म्हणाले, पोरी, कोंबडे आरवायचे विसरले, माणसं निजायचं विसरली, दिवसाला एवढी एकच गाठ उरलीय, ती सोडू कशी.

१४ ऑक्टोबर
सा काल सहाला लागली, आज सकाळी सहाला सुटली. सेफिनाच्या पावलांवर सूज आहे. रक्तदाब थोडा वर. इस्पितळात न्यायला हवं, पण दोन दिवस बघू म्हटलं. प्रवासाने तिला त्रास नको.

२० ऑक्टोबर
माझंच चुकलं. सेफिनाचा रक्तदाब खूप वाढलाय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणते. गाव मोकळं फक्त सहा तास, त्यात पाणी भरायचं, मासे आणायचे, मेलेल्यांना पुरायचं. या आठवड्यात तिघांना पुरलं. उन्हात बसून मेले, आणि पंच म्हणतात पुण्यवान. पुण्यवान! मला त्या शंखाचे तुकडे करावेसे वाटतात.

२३ ऑक्टोबर
इस्पितळाची गाडी मागवली होती. तीनला सा सुटणार होती, गाडी दोनलाच आली. सा मोडणाऱ्यांना अडवायला पंचांनी पहाऱ्यावर ठेवलेल्या पोरांनी काचा फोडल्या. ड्रायव्हर रक्ताळलेला परत गेला. लेफाओ रडले. सुनेसाठी रडले — आणि तरी उठले नाहीत. असल्या रडण्याला मी काय करू?

२५ ऑक्टोबर
गाडी आता गावात शिरायला तयार नाही. काळ्या दगडांच्या माळापलीकडे, शिवेबाहेर उभी राहणार. पाचला सा सुटली, सहाला पुन्हा लागणार. सेफिना झोळीत, झोळी तिचा नवरा मालो आणि आणखी तिघांच्या खांद्यावर. धावलो. गाडी दिसली. तीनशे पावलं —

शंख.

झोळी खाली ठेवली त्यांनी. हळूच, अगदी जपून. आणि बसले. मी शिव्या दिल्या, मालोला थोबाडीत मारली. त्याने डोळे मिटले, गातच राहिला. एकटीने ओढून पाहिली. चार हात सरकली, ती किंचाळली. दगड धारदार आहेत.

ड्रायव्हरला हाका मारल्या. तो शिवेपलीकडे प्रार्थनेला बसलाय. तोही.

२६ ऑक्टोबर, सकाळ
रात्री सेफिनाला एक झटका. आता दोन्ही सूर्य वर. कमरेला गुंडाळलेला माझा लाव्हालाव्हा सोडून त्याची सावली धरलीय तिच्या तोंडावर. पाणी संपलं. ते गाताहेत. ती म्हणाली, सिस्टर, माझ्यावर चिडू नकोस. तिच्यावर!

दुपार
दुसरा झटका. जीभ चावली गेली —
सहाला सुटेल. सहालाच. मालोने मान हलवली, सुटताक्षणी पळू म्हणाला.

सहा
दोन्ही सूर्य एकदम पाण्यात गेले. एकदम.
शंख वाजला. एकदाच.

कुणी उठेना. सुटली की लागली? एकमेकांकडे बघताहेत. मी ओरडतेय सुटली, सुटली, उठा रे मुडद्यांनो — मालो अर्धा उठला. गावाकडून गाणं ऐकू आलं. तो पुन्हा बसला —

तिची नाडी लागत नाही. पोटाला कान लावला. बाळाचे ठोके आहेत, आहेत, अजून —