लाल लाकूड कोणीही कापू नये

मी, जिनेश रूपचंद छाजेड, वय एकसष्ट, धंदा तंबोरे बनवणे, राहणार नारायणगाव, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने करून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे, कोणाचा दाब नाही. भीती मात्र आहे, आणि ती लपवून लिहिलं तर हा कागद खोटा ठरेल.

१. राहतं घर व बँकेतील ठेवी पत्नी नीलम हिच्या. तिच्या पश्चात मुलगा संयम व मुलगी रिद्धी यांनी निम्मे-निम्मे घ्यावे. कारखान्याची जागा विकण्याचं संयमने अनेकदा सुचवलं आहे. त्याने कलम चार शांतपणे वाचावे.

२. आता लाकूड. आमच्या घरात हाड-शिंग चालत नाही, म्हणून तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती, मी कायम लाकडाचीच केली. त्याला परदेशी, दगडासारखं कठीण लाकूड लागतं. त्यासाठी झाड पाडायला लावणं मनाला पटलं नाही, म्हणून भंगारातून वेचत आलो: मोडक्या पियानोच्या पट्ट्या, तोडलेल्या जहाजातल्या खुर्च्यांचे पाय, यंत्रांची खोकी.

गेल्या भाद्रपदात माझा पुतण्या ऋषी, ज्याचं चाकण रस्त्याला भंगाराचं गोदाम आहे, त्याने कुठल्याशा यंत्राच्या खोक्याखालच्या जाड फळ्या पाठवल्या. रंधा मारला तर आत गर्द लाल, आणि वास गुलाबाचा. माझ्यासोबत कारखान्यात काम करणारी रिद्धी आणि मी हरखून गेलो. तिने त्याची घोडी बसवून तार छेडली, तेव्हा आमचा कारागीर गोकुळ हातातलं काम ठेवून ऐकत उभा राहिला.

पुढच्याच आठवड्यात माझ्या पापण्या सुजल्या. मग एका दुपारी पॉलिशपेपर घासताना छाती आवळली. श्वास आत जाईना. ओरडायलाही हवा लागते, ती नव्हती. गोकुळने मला उचलून टेम्पोत घातलं. वाटभर तो एकच सांगत होता, "शेठ, डोळं मिटू नका. दवाखाना आलाच."

डॉक्टर म्हणाले, या लाकडाची भुकटी तुमच्या शरीराने वैरी ठरवली आहे. पुन्हा छातीत गेली तर इथवर पोहोचाल असं सांगता येत नाही. तेव्हापासून मी कारखान्याचा उंबरा ओलांडलेला नाही.

उरलेल्या फळ्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली आहेत. त्या विकू नयेत, घेणारा कापेल. जाळू नयेत, धूरही तसलाच. महाळुंगे पडवळच्या आपल्या शेतात खोल खड्डा घेऊन पुराव्यात.

३. माझे रंधे, पटाशा, करवती सगळी हत्यारं गोकुळला. तो तळेघरहून पोटासाठी आला आणि घरचा झाला. मुलाबाळांना आपल्या गावी नेऊन सुखाने भातशेती करायची झाली तर त्याने ती विकावीत. मला वाईट वाटणार नाही.

ऋषीला काही नाही. दवाखान्यातून आल्यावर मी त्याला फोन केला, तेव्हा कळलं की त्याच फळ्या उतरवताना, फाडताना त्याच्या एका हमालाचं तोंड सुजलं होतं आणि त्याला घरी पाठवलं होतं. मला का नाही सांगितलंस, विचारलं. म्हणाला, "काका, तुम्ही जाणकार, म्हटलं तुम्हाला माहीत असेल." माझ्या शोकसभेत त्याने बसावं, पण बोलू नये.

४. कारखाना. माझ्या पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं की तो विकावा आणि रिद्धीने आयुष्यात लाकडाला हात लावू नये. कारण दिवाळीत तिच्या पापण्या मला सुजलेल्या दिसल्या. काजळ लागलं, म्हणाली. तेव्हापासून खाली कारखान्यात रंधा चालला की मी गॅलरीत उभा राहून तो थांबण्याची वाट बघतो, आणि थांबला की जास्त घाबरतो.

मसुदा तिच्या हाती पडला. ती वर आली, समोर बसली आणि म्हणाली, "पप्पा, अडवायचं तर जिवंतपणी अडवा. तुम्ही गेल्यावर मी भांडू कोणाशी?" बोलणी झाली. लाल लाकडाला ती शिवणार नाही, भुकटी ओढणारं मशीन बसवेल, मास्कशिवाय आत जाणार नाही. एवढा शब्द घेऊन मी कारखाना, जागेसह, विनाअट रिद्धीच्या नावे करत आहे.

५. खालचा मजकूर सहीच्या वेळी, साक्षीदारांसमोर मी स्वतःच्या हाताने वाढवला आहे.

पेन चालेना म्हणून मी रिद्धीकडे मागितलं. तिने पर्स उघडली, तर पेनाआधी दम्याचा पंप बाहेर आला. निळा. माझ्याकडे आहे तसाच. मग तीच म्हणाली, "दिवाळीपासून घेतेय. तुम्ही घाबराल म्हणून सांगितलं नाही. दुसऱ्या लाकडांनी त्रास होत नाही, पप्पा. तपासून घेतलंय."

मी तिला रिपोर्ट मागितला. तिने मोबाइलवर दाखवला. अक्षरं मला वाचता आली नाहीत. साक्षीला आलेल्या वकीलबाईंनी वाचून दाखवला. ती म्हणते तसंच त्यात आहे. वकीलबाईंनी विचारलं, कलम चार बदलायचं का. मी रिद्धीकडे पाहिलं. तिने पेन पुढे केलं.

कलम चार बदललेले नाही. खालची सही बँकेतल्या सहीशी जुळणार नाही. ती माझीच आहे.

जिनेश रूपचंद छाजेड

आमच्यासमक्ष सही केली:
१. ॲड. वृषाली काळे, जुन्नर
२. उज्ज्वला बाळासाहेब पडवळ, संगीत शिक्षिका, महाळुंगे पडवळ

नारायणगाव, ९ जानेवारी २०२५