बसलेला आवाज

२० एप्रिल, अकोला

आले बाई एकदाची! आणि नोकरी अशी, की बोलणं हेच काम. सर्जन खुशालराव साहेबांच्या दवाखान्याला मानांकन हवंय. त्यासाठी मी ऑपरेशन थिएटरमधल्या लोकांना शिकवायचं: काही चुकतंय असं दिसलं, तर हुद्दा न बघता मोठ्याने 'थांबा' म्हणा. साहेबांनी स्वतः खोली दाखवली, कूलर लावून दिला. ऊन मरणाचं आहे. सगळा स्टाफ गळ्याला दुपट्टा नाहीतर रुमाल गुंडाळून असतो. एक गंमत मात्र आहे. इथे सगळेच फार हळू बोलतात. आमच्या मोर्शीत असं कुणी बोललं, तर घरचे आधी कपाळाला हात लावून ताप बघतात.

२३ एप्रिल

पहिला वर्ग. म्हटलं, माझ्यामागून म्हणा, 'थांबा!' कुणी तोंडच उघडेना. मग चिडून विचारलं, समजलं तरी का? तेव्हा सगळे घोगऱ्या आवाजात म्हणाले, "हाव जी." वर्षाली सिस्टर पंचविशीची पोर, तिचाही आवाज तसाच. माझी टर उडवताहेत, दुसरं काय! फार राग आला.

२५ एप्रिल

जेवताना पार्बताबाईंचा दुपट्टा घसरला. या थिएटरमधल्या सर्वांत जुन्या सिस्टर. गळ्यावर आडवा व्रण. थायरॉइडचं ऑपरेशन झालं असेल, म्हटलं.

मग वर्षालीच्या गळ्यावरही तोच दिसला. वॉर्डबॉय देवमनच्याही.

२७ एप्रिल

आजचे पेशंट पातूरचे देवीदास. हर्निया डावीकडचा, सकाळी त्यांनी माझ्यासमोर हात ठेवून दाखवला होता. भूल दिल्यावर साहेबांनी उजवीकडे सुरी टेकवली. मी ओरडले, "थांबा! डावी बाजू आहे!"

साहेब रागावले नाहीत. हसले. बाकीच्यांना विचारलं, उजवीच ना? सगळे म्हणाले, "हाव जी." पार्बताबाई रडत होत्या, पण म्हणाल्या तेच. साहेबांनी उजवीकडे कापलं.

नंतर हात धुताना जवळ आले. "रागिणी मॅडम, आवाज काहून बसून राहिला तुमचा?" म्हणाले आणि माझा गळा चाचपला. गाठ लागते म्हणे.

माझा आवाज ठणठणीत आहे. उद्याच अमरावतीला जाऊन तक्रार करते.

२८ एप्रिल

बॅग भरली. पार्बताबाई दारात येऊन कुजबुजल्या, "जाय वं माय, आत्ताच जाय." त्यांनीही एकदा 'थांबा' म्हटलं होतं. वर्षालीने, देवमननेही. प्रत्येकाने एकदाच.

वर्षाली चहा घेऊन आलीय. वर बघत नाही. घोटभर घेऊन निघतेच—

तारीख माहीत नाही

वॉर्डात आहे. त्या चहात काहीतरी— उठता येत नाही. ओरडते, पण नुसती हवा येते. गळा चाचपला. टाके नाहीत अजून. समोरच्या आरशात पाहिलं— पेनाने रेघ आखलीय. आडवी.

मी संमती दिलेली नाही. हे पान वर्षालीला दाखवलं. वाचलं तिने. मान खाली घातली. देवमनला दाखवलं. तो स्ट्रेचर घेऊन आला.

साहेब आले. विचारताहेत— मॅडमची हीच इच्छा ना?

वर्षाली— हाव जी. देवमन— हाव जी.

आता पार्बताबाईंकडे वळले. बाई, म्हणा ना. थांबा म्हणा. मोठ्याने, एकदाच—

त्यांनी तोंड उघडलं

हा—