एकतीस नंबरची विहीर

प्रिय कार्लिगाश,

रागात लिहितोय. सहावी शिकलेल्या बापाचं अक्षर आहे, लावून घे. शुक्रवारी शाळेच्या हॉलमध्ये तुमच्या कंपनीच्या सभेत मी बोलायला उभा राहिलो, तर अख्ख्या गावासमोर तू बापाला म्हणालीस, “अके, बसा आता, चहा निवतोय तुमचा.” लोक हसले. तो ओमिर्झाक तर ओरडला, “म्हाताऱ्यानं जन्मभर तेलविहिरी बुजवल्या, तोंड तेवढं राहिलं!” तूही हसलीस. मी पाहिलं.

आमच्या पायाखालचं तेल उपसून जगाला विकलं. आता कारखान्याचा विषारी वायू त्याच रिकाम्या थरात कोंबायचा आणि म्हणायचं, देश स्वच्छ झाला! वर तुझे साहेब सांगतात, जुन्या सगळ्या तेलविहिरी पक्क्या बंद आहेत, कागद आहे. कागदाला काय कळतं? तुझ्या आईनं तुझ्यासाठी उंटिणीचं दूध आंबवून ठेवलंय. “पोरीवर चिडू नका,” म्हणते. तिला काय माहीत मी कोणावर चिडलोय.

हा वायू हवेपेक्षा जड, वास नाही, रंग नाही, खळग्यात साचतो, हे तूच सांगितलंस. एकतीस नंबरची विहीर खळग्यातच आहे. शंभर पावलांवर ओराजकाकाचा हिवाळी तळ. त्याची नातवंडं तिथे जमिनीवर झोपतात.

तुझे आजोबा गेले, त्या वर्षी दुकानात सिमेंट मिळत नव्हतं. सगळ्यांच्या वडिलांच्या कबरीवर घुमट, माझ्या बापाच्या मातीवर मेंढ्या चरायच्या. लाज वाटायची. त्याच वसंतात एकतीस नंबर बुजवायला चाळीस पोती आली. मुकादम मीच. तीन पोती तोंडाशी ओतली, खाली चिखल आणि जुनी गोणपाटं. वरून ठोकलंस तर दगडासारखं लागेल. बाकीच्या सदतीस पोत्यांना तू लहानपणापासून हात टेकून दुवा मागत आलीस.

तुझ्याकडचा कागद माझ्या सहीचा आहे, पोरी. हॉलमध्ये तेच सांगायला उठलो होतो. तू बसवलंस आणि, खरं सांगतो, बसताना मला बरं वाटलं. त्याचाच हा सगळा संताप. सोमवारी वायू सोडायच्या आत हे पत्र साहेबांपुढे ठेव. बापाचं नाव झाकू नकोस. ड्रिल घेऊन या, जागा मी दाखवतो. आणि या वेळी मी उभा राहिलो, तर मला बसवू नकोस.

तुझाच,
अके