रांगेतला छेका

वाइसारी, फिजी
शनिवार, सकाळचे सहा वाजून वीस मिनिटं

पूज्य भैयाजी,
चरणस्पर्श. ऑकलंडच्या थंडीत तुमचा गुडघा काय म्हणतो? भौजींना प्रणाम. इथे सर्व कुशल. मधुलताची आई सोडून सगळे माझ्याशी बोलतात.

परवा मधुलताचा छेका होता. मुलाकडच्यांनी नारळ-हळद दिली की मुलगी पक्की, एवढंच काम. पण त्याच दिवशी माझी लॉरी साखर कारखान्याच्या रांगेत एकोणचाळिसावी! ऊस जाळून तोडलेला, तासातासाला वजन घटणार (किती, ते मी स्वतः मोजलंय, चौथीपुढे शाळा न शिकता), आणि लॉरी सोडली की नंबर गेला. घरी निरोप धाडला, दोनपर्यंत येतो. कारण रांग अशी पळत होती, की बावीस वर्षांत मी पाहिली नाही. मान खाली घालून वहीत मिनिटं टिपायची, पुढची लॉरी हलली की सरकायचं.

अडीचला मुलाचे वडील रामऔतारजी स्वतः येऊन लॉरीच्या पायरीवर चढले. "व्याहीबुवा, उतरा! पंडितजी तिसरी वाटी नंगोना पिऊन पेंगायला लागले."

"दोनच लॉऱ्या उरल्यात. नारळ इथेच आणा की!"

आणि भैयाजी, आणला हो त्यांनी! पंडितजी, दोन्हीकडच्या बायका, साडी सावरणारी मधुलता, सगळे उसाच्या काजळीत उभे. मंत्र अर्ध्यावर आला आणि पुढची लॉरी हलली. मी गिअर टाकला. पंडितजी मंत्र म्हणत मागून धावले. (बारा फूट. ते पन्नास सांगत फिरतात.)

फाटकाशी पोचलो, तर कुलूप. पहारेकरी इसोआ म्हणाला, "काका, ऊस पिळायचा रोलर सकाळी नऊलाच तुटला. सगळे माघारी गेले."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"आलो होतो सांगायला. माझं घड्याळ चार मिनिटं मागे आहे, हे तुम्ही अर्धा तास समजावत बसलात."

रामऔतारजींनी नारळ काखोटीला मारला. "विचार करून कळवतो," म्हणाले आणि गेले.

तुमचा धाकटा,
शिवनाथ

ता.क. पत्राचं खरं कारण हे: रामऔतारजी तुमचा शब्द मोडत नाहीत. त्यांना फोन करून सांगा, की हा हट्ट माझ्यापुरताच आहे. मधुलता गरीब गाय. दुसऱ्याच्या चुका काढणं तिला ठाऊकच नाही.

ता.क. २. पाकीट चिकटवण्याआधी मधुलताने हे वाचून पाच चुका काढल्या. (दोन मला मान्य आहेत.) तुम्ही फोन करू नका, तिने स्वतःच केला. रामऔतारजी कबूल झाले, छेका पुढच्या रविवारी. पंडितजींनी मुहूर्त साडेनऊचा काढला होता; तिने पंचांग तपासून तो नऊ वाजून सहा मिनिटांवर आणला.