कलम तीन : प्लाझ्मा टीव्ही

मी, चंद्रभागाबाई टेकचंद लांजेवार, राहणार अड्याळ, तालुका पवनी, जिल्हा भंडारा, स्वखुशीने लिहून ठेवते की माझे गुडघे गेले असले तरी डोके शाबूत आहे, आणि मृत्युपत्राला डोकेच लागते.

कलम १. राहते घर आणि तलावाखालची धानाची बांधी मुलगा वीरेंद्र यास.

कलम २. दागिने मुलगी डिंपल हिला. पाणी भरायची पितळेची मोठी गुंडी सूनबाई खुशबूला. तिने त्या गुंडीला जुनाट म्हटले होते, म्हणून मुद्दाम.

कलम ३. प्लाझ्मा टीव्ही. वीरेंद्र वरठीच्या कारखान्यात लागला तेव्हा त्याने हा भंडाऱ्याहून आणला. उतरवायला चार गडी लागले. एवढा मोठा पडदा गावात कोणाकडे नव्हता, म्हणून मी साऱ्या आळीला बोलावले आणि मिरवलेही, खोटे कशाला बोलू? तो इतका तापायचा की थंडीत लोक मालिकेपेक्षा उबेला येत. पुढे वीरेंद्रने क्रिकेटचा धावफलक दिवसदिवस लावून ठेवला, तो काचेवर उमटला तो उमटलाच. आता कोणतीही मालिका लावा, कोपऱ्यात भारताचे चार गडी बाद असतात. मग घरोघरी पातळ टीव्ही आले, हाती फोन आले, आणि आमची ओसरी ओस पडली. खुशबू म्हणते, भंगारात द्या.

एक जण मात्र कधीच आली नाही. भिंतीपलीकडची माझी धाकटी जाऊ, पार्वताबाई. घरच्या माणसाला काय वेगळे बोलवायचे, असे मला वाटले. ती म्हणाली, "बोलावल्याबिगर मी येत नाही." तेव्हापासून अबोला. चूक कोणाची हे ठरवायला हे मृत्युपत्र नाही, पण तिचीच. आमचे हे गेल्यापासून संध्याकाळ मला खायला उठते, आणि मला तिची फार आठवण येते. म्हणून टीव्ही पार्वताबाईला. तो न्यायला तरी ती माझा उंबरठा ओलांडेल.

दुरुस्ती. कलम ३ रद्द. आज मी स्वतः तिच्या दारात जाऊन तिला साक्षीसाठी बोलावले. ती आली. वकीलसाहेब म्हणाले, जिला वस्तू द्यायची तिची साक्ष नको, दोन्हींतले एक ठरवा. पार्वता म्हणाली, "टीव्ही नको मले, साक्षच लिवा. अन् बाई, लावा तो टीव्ही, पाहू तरी."

माझ्यामागे टीव्ही कोणीही न्यावा.

स्थळ : अड्याळ. दिनांक : १२ जानेवारी २०२६, मालिका संपल्यावर.

सही : चंद्रभागाबाई टेकचंद लांजेवार

साक्षीदार :
१. भय्याजी हटवार, शेजारी. (पडद्यापुढून सरका, असे दोघींनी सांगितल्यावर सही केली.)
२. पार्वताबाई श्रावण लांजेवार. बाईनं माझ्यासमोर सही केली. उद्या पन येईन.